हरलेल्या लढायांच्या देशात

शनिवार, बुडापेस्ट

हंगेरीचे राष्ट्रीय दिवस तीन: १५ मार्च, २० ऑगस्ट आणि २३ ऑक्टोबर. मधला राजा इश्तवानचा, म्हणजे राज्य उभं करणाऱ्याचा. उरलेले दोन उठावांचे, एक १८४८ चा आणि दुसरा १९५६ चा. दोन्ही उठाव मोडून काढायला रशियाची फौज आली आणि दोन्ही मोडले. यांखेरीज ६ ऑक्टोबरला हा देश देहदंड झालेल्या सेनापतींचा शोक पाळतो आणि ४ जूनला एका तहात गेलेल्या मुलखाची आठवण काढतो. साताऱ्याच्या शाळेत इतिहास शिकवत असताना हे कधीतरी वाचलं आणि तेव्हापासून मनात घर करून बसलं. पराभव इतक्या निगुतीनं जपणारी माणसं कशी असतील, हे जवळून पाहायचं होतं. यंदा सप्टेंबरात योग आला. सोबत माझी मोठी बहीण. तिला इतिहासापेक्षा झाडं, भाजीबाजार आणि माणसं जास्त प्रिय. त्यामुळे मी पाटी वाचत उभी राहिले की ताई शेजारच्या बाकावरच्या आजीबाईंशी खाणाखुणांनी गप्पा मारत असायची.

विमानतळावरून बस थेट देआक चौकात आणून सोडते. सामान टाकलं आणि संध्याकाळी साखळीपुलावर गेलो. डॅन्यूबच्या एका काठाला डोंगरावरचं बुडा, दुसऱ्या काठाला सपाट पेस्ट. दोघांना जोडणारा हा पहिला कायमचा पूल सेचेनी इश्तवान या सरदाराच्या पुढाकारानं झाला आणि १८४९ च्या नोव्हेंबरात खुला झाला. तेव्हा उठाव चिरडून जेमतेम तीन महिने झाले होते. दोन्ही शहरं आणि जुनं ओबुडा मिळून एक बुडापेस्ट झालं ते १८७३ साली. (हंगेरियन लोक आडनाव आधी लिहितात. मीही इथे तसंच लिहिते आहे.)

रात्री लांगोश खाल्लं. मैद्याच्या आंबवलेल्या पिठाची मोठी तळलेली पुरी, वर लसूण, आंबट साय आणि किसलेलं चीज. ताईनं दुसरं मागवलं.

रविवार, ओपुस्तासेर

सकाळी न्युगती स्टेशनवरून सेगेदची गाडी. हे स्टेशन आयफेलच्या कंपनीनं बांधलं, पॅरिसचा मनोरा उभा राहण्याच्या कितीतरी आधी, १८७७ मध्ये. गाडी शहर सोडते आणि जमीन सपाट होत जाते. सूर्यफुलांची वाळलेली शेतं, मका, बाभळीसारखी दिसणारी झाडं. ताईनं सांगितलं ती रोबिनियाची, अमेरिकेतून आणून इथल्या वाळूत लावलेली. डोंगर नावालासुद्धा नाही.

सेगेदहून बसनं ओपुस्तासेर. एका मध्ययुगीन बखरकाराच्या सांगण्यानुसार, मॉद्यर टोळ्या या प्रदेशात उतरल्यावर त्यांची पहिली सभा इथे भरली. मॉद्यर हे हंगेरियनांचं स्वतःचं नाव. यांची भाषा आजूबाजूच्या जर्मन, स्लाव, रोमानियन अशा कुणाशीच जुळत नाही. तिच्या सगळ्यांत जवळच्या बहिणी खांती आणि मान्सी, त्या बोलणारी थोडी माणसं पश्चिम सैबेरियात ओब नदीच्या खोऱ्यात राहतात. उरल पर्वताच्या आसपासून निघालेले हे लोक शतकानुशतकं गवताळ प्रदेशातून पश्चिमेकडे सरकत आले आणि ८९५ च्या सुमारास आर्पादच्या नेतृत्वाखाली कार्पेथियन पर्वत ओलांडून इथे उतरले.

हा प्रसंग फेस्ती आर्पादनं आपल्या सहकाऱ्यांना घेऊन १८९२ ते १८९४ या काळात रंगवला. चित्र गोल आहे, लांबी जवळजवळ १२० मीटर, उंची १५. आपण मधोमध उभं राहायचं आणि स्वतःभोवती फिरत पाहायचं. चित्राच्या पायथ्याशी खरी माती, खरं गवत, मोडलेली चाकं मांडून ठेवलीत, त्यामुळे खरं कुठे संपतं आणि रंग कुठे सुरू होतो ते चटकन लक्षात येत नाही. टेकाडावर पांढऱ्या घोड्यावर आर्पाद. एकीकडे पुरोहित पांढऱ्या घोड्याचा बळी द्यायच्या तयारीत. एकीकडे बैल जुंपलेल्या गाडीतून येणारी राणी. मला सगळ्यात रेंगाळावंसं वाटलं ते चित्राच्या एका बाजूला, जिथे जळणाऱ्या वस्तीतून बायका ओढून आणल्या आहेत. आपल्याच राष्ट्राच्या जन्माचं चित्र, ते सुद्धा हजार वर्षांच्या सोहळ्यासाठी काढलेलं, आणि चित्रकारानं हे झाकलं नाही. दुसऱ्या महायुद्धात बुडापेस्टच्या वेढ्यात चित्राची दैना झाली. नंतर कित्येक वर्षं ते गुंडाळ्या करून ठेवलेलं होतं. दुरुस्त होऊन १९९५ पासून ते इथे पाहायला मिळतं.

एक गोष्ट चित्रात नाही. मॉद्यर इथे विजेत्यांसारखे आले खरे, पण त्यांना निघावं लागलं ते पेचेनेग नावाच्या दुसऱ्या टोळ्यांनी मागून त्यांच्या छावण्या उद्ध्वस्त केल्या म्हणून. म्हणजे या देशाच्या गोष्टीची सुरुवातच एका हारीनं होते. पुढे साठेक वर्षं यांच्या घोडदळांनी इटली-फ्रान्सपर्यंत लूटमार केली. ९५५ मध्ये जर्मन राजा ओटोनं ऑग्सबुर्गजवळ त्यांना असं झोडपलं, की धाडी थांबल्या आणि नांगर हातात आला. आर्पादचा खापरपणतू इश्तवान १००० सालच्या सुमारास ख्रिस्ती राजा म्हणून अभिषिक्त झाला. राहिले ते टिकले.

मूळ भूमीचा शोध मात्र थांबला नाही. त्या शोधानंच एका हंगेरियनाला भारतात आणलं. पूर्वेकडच्या ट्रान्सिल्व्हानिया प्रांतातला कोरोशी चोमा शांदोर १८१९ मध्ये पायी निघाला. आपल्या लोकांचे पूर्वज मध्य आशियात कुठेतरी सापडतील अशी त्याची खात्री. काबूल, लाहोर करत लडाखला पोचला आणि तिथे तिबेटी भाषेत गुंतला. झांस्करच्या मठांतून, थंडीनं हात आखडत असताना, त्यानं एका लामाजवळ बसून अभ्यास केला. त्याचा तिबेटी-इंग्रजी शब्दकोश १८३४ मध्ये कलकत्त्यात छापला गेला. पूर्वज सापडले नाहीत. ल्हासाला जाण्याच्या वाटेवर १८४२ मध्ये दार्जिलिंगला तापानं गेला. त्याची समाधी तिथे आहे. जगभरचे तिबेटी भाषेचे अभ्यासक त्याला आद्य गुरू मानतात.

सोमवार, सेगेद

सकाळ बाजारात गेली. सप्टेंबर म्हणजे पाप्रिकाचा हंगाम. लाल मिरच्यांच्या माळा दोऱ्यात ओवून दुकानांच्या पुढे टांगलेल्या. ताईनं एक तोडून वास घेतला, जिभेवर ठेवली आणि म्हणाली, "ही तिखट कुठे आहे? ही तर गोड आहे गं." बहुतेक गोडच असते. तिखट हवी असेल तर वेगळी मागावी लागते. अमेरिकेतून निघालेली मिरची आपल्याकडे पोर्तुगीजांच्या गलबतांतून गोव्याला उतरली, इकडे ती तुर्की अमलात आली.

याच मिरचीनं सेगेदला नोबेल मिळवून दिलं. सेंट-ज्योर्जी आल्बर्ट हे इथल्या विद्यापीठातले शास्त्रज्ञ. क जीवनसत्त्व पुरेशा प्रमाणात कशातून काढावं हे कोडं होतं. जनावरांच्या ग्रंथींतून ते चिमूटभर मिळे. एका रात्री जेवणात आलेली पाप्रिका खायची इच्छा नव्हती म्हणून आपण ती प्रयोगशाळेत नेली, असं ते स्वतः सांगत. त्या मिरचीतून पुढे क जीवनसत्त्व किलोंनी निघालं. १९३७ चं नोबेल त्यांना मिळालं.

शहर एकसारखं, नीटस आखलेलं दिसतं त्याला कारण आहे. १२ मार्च १८७९ च्या रात्री तिसा नदीनं बांध फोडला आणि साडेपाच हजारांवर घरांतली जेमतेम २६५ उभी राहिली. मदत साऱ्या युरोपातून आली. नव्यानं शहर बांधताना बाहेरच्या वर्तुळाकार रस्त्याच्या एकेका टप्प्याला मदत करणाऱ्या शहराचं नाव दिलं: रोम, ब्रुसेल्स, पॅरिस, लंडन, मॉस्को, बर्लिन, व्हिएन्ना. उपकार विसरू नयेत म्हणून ते रोजच्या पत्त्यात घालून ठेवले, हे मला फार आवडलं. दुपारी बस धरली. बायाला डॅन्यूब ओलांडली आणि मुक्कामाला मोहाच गाठलं.

मंगळवार, मोहाच आणि पेच

ज्यासाठी आले ते हे ठिकाण. गावापासून काही किलोमीटरवर सातोरहेय नावाचं खेडं, त्याच्या लगतच्या शेतांत स्मारक. आम्ही टॅक्सी केली. चहूकडे नांगरलेली काळी जमीन, पश्चिमेला थोडा चढ. एवढंच रणांगण.

२९ ऑगस्ट १५२६. सुलतान सुलेमानची फौज दक्षिणेकडून आलेली. समोर वीस वर्षांचा राजा लायोश दुसरा, आणि त्याचा सेनापती कोण, तर कालोचाचा आर्चबिशप तोमोरी पाल. हंगेरियन सैन्य पंचवीस हजारांच्या आसपास, तुर्कांचं त्याच्या दुपटीहून अधिक. दुपार कलल्यावर हंगेरियन चिलखती घोडदळानं मुसंडी मारली आणि पहिली फळी फोडलीसुद्धा. पुढे तोफा होत्या आणि त्यांच्याशेजारी जानिसारी, म्हणजे सुलतानाच्या खड्या पायदळातले, बंदुकची. दोनेक तासांत खेळ खलास. तोमोरी पडला, त्याच्यासह सात बिशप पडले, सरदारांची नावं मोजता मोजता पुरेवाट. राजा पळताना पावसानं फुगलेल्या चेले ओढ्यात चिलखतासह बुडाला.

त्याच वर्षी २१ एप्रिलला बाबरानं पानिपतावर इब्राहिम लोदीला हरवलं होतं. गाड्या एकमेकींना बांधून त्यांच्या आडून तोफा-बंदुका चालवायच्या ही तिथली रीत रूमी, म्हणजे तुर्कांची, असं बाबरानं स्वतः लिहून ठेवलंय. चार महिन्यांच्या अंतरानं, हजारो कोस लांब, घोड्यावरच्या शूरांची दोन जुनी राज्यं एकाच तऱ्हेच्या युद्धकलेपुढे कोसळली. आणि आपलं १७६१ चं पानिपत आपल्या बोलण्यात जसं रुतून बसलंय, तसं मोहाच यांच्या. काही नुकसान झालं, कुणी हळहळू लागलं, की दुसरा म्हणतो, मोहाचला याहून जास्त गेलं.

लढाईनंतर तुर्क बुडापर्यंत जाऊन परतले. मग १५४१ मध्ये, त्याच २९ ऑगस्टला, बुडा कायमचं घेतलं. देशाचे तीन तुकडे झाले. पश्चिम-उत्तर पट्टा ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग राजघराण्याकडे, मधला भाग तुर्कांकडे, पूर्वेला तुर्कांच्या छत्राखालचं ट्रान्सिल्व्हानिया. दीडशे वर्षं असंच चाललं.

स्मारक १९७६ मध्ये झालं, लढाईला साडेचारशे वर्षं झाली तेव्हा. त्याच्या आधी इथल्या शेतांत सामुदायिक दफनं सापडली होती, पाच खड्ड्यांत मिळून सतराशेहून जास्त माणसं. त्या जागेवर कोरीव लाकडी खांब उभे केलेत, सरळ नव्हे, कसेही झुकलेले, लढाई ऐन भरात असताना जागच्या जागी गोठावी तसे. जवळ गेल्याशिवाय कळत नाही काय काय आहे. एका खांबाला घोड्याचं मुंडकं, एकावर वाकलेला धनुष्यधारी. राजाचा खांब आहे, बिशपांचे आहेत, आणि सुलेमानचाही आहे. लाकूड ऊनपावसानं राखाडी झालंय, चिरा पडल्यात, काहींवर हिरवं शेवाळ. पन्नास वर्षांत खांब म्हातारे होत चाललेत, आणि दगडाऐवजी लाकूडच निवडणाऱ्यांना ते ठाऊक असणार. सुलेमानचा खांब तिथून काढून टाकावा असं इथल्या कुणाला वाटलेलं दिसत नाही.

आपल्या चुकांबद्दल बोलताना इथली माणसं कचरत नाहीत हेही जाणवलं. आमच्या आधी शाळेची सहल आली होती. शिक्षिका मुलांना काय सांगते आहे ते मी टॅक्सीवाल्याला विचारलं. त्याला जर्मन आणि मोडकंतोडकं इंग्रजी येत होतं. म्हणाला, १५१४ बद्दल सांगतायत. म्हणजे दोझा ज्योर्जचं बंड. धर्मयुद्धासाठी गोळा केलेले शेतकरी सरदारांवरच उलटले, सरदारांनी ते बंड अतिशय क्रूरपणे मोडलं आणि कुळांना कायद्यानं जमिनीला बांधून टाकलं. बारा वर्षांनी तुर्क आले तेव्हा ज्यांनी लढायला उभं राहायचं ते असे पिचलेले, आणि सरदार एकमेकांच्या उखाळ्यापाखाळ्यांत. ट्रान्सिल्व्हानियाचा सरदार सापोल्यई फौज घेऊन वेळेवर पोचला नाही. पराभव शिकवायचा तर असा शिकवावा, शत्रू किती मोठा होता याच्या आधी आपण कसे होतो यापासून.

दुपारी पेच. मुख्य चौकात कासिम पाशाची मशीद आहे. तिचं आज कॅथलिक चर्च आहे, घुमटावर चंद्रकोर आणि तिच्यावर क्रूस. आत भिंतीत मिहराब, म्हणजे मक्केची दिशा दाखवणारा कोनाडा, जसाच्या तसा, आणि काही अंतरावर येशू. ताई तिथे बराच वेळ बसली.

बुधवार, बालाटन

बालाटन हे मध्य युरोपातलं सर्वांत मोठं सरोवर. तिहानी द्वीपकल्पावरच्या मठाचा १०५५ सालचा स्थापनालेख हा हंगेरियन इतिहासातला फार मोलाचा कागद. लेख लॅटिनमध्ये आहे, पण जमिनीच्या चतुःसीमा सांगताना लिहिणाऱ्यानं मधूनच गावकऱ्यांची भाषा वापरलीय. हंगेरियन भाषेचे सर्वांत जुने लेखी तुकडे म्हणून ते जपले गेले. मूळ लेख पानोनहाल्मा मठात आहे. इथे मठाच्या तळघरात राजा आंद्राश पहिला याची साधी कबर आहे.

तिथून जवळच बालाटनफ्युरेद. रवींद्रनाथ टागोर १९२६ मध्ये युरोपच्या दौऱ्यात आजारी पडले आणि इथल्या हृदयरोगाच्या रुग्णालयात राहिले. बरं वाटल्यावर नोव्हेंबरात त्यांनी काठावर एक झाड लावलं. काठावरच्या रस्त्याला त्यांचं नाव आहे, पुतळाही आहे. ताई झाडाच्या सालीवर हात ठेवून उभी होती. उरलेला दिवस पाण्याकाठी बसण्यात गेला.

गुरुवार, एगर

गड पाहायचा म्हटलं की आम्हा साताऱ्याच्या लोकांना चढ लागतो. एगरचा किल्ला गावातच बुटक्या टेकाडावर आहे. पाहताक्षणी वाटतं, हा पाच आठवडे लढला कसा?

१५५२ साल. त्या उन्हाळ्यात तेमेश्वार पडलं होतं. सोल्नोकची शिबंदी तर रात्रीतून किल्ला टाकून पळाली. सप्टेंबरात तुर्क एगरपुढे आले. त्यांची संख्या इतिहासकार आज तीस-चाळीस हजार धरतात. आत किल्लेदार दोबो इश्तवान आणि दोनेक हजार माणसं, त्यांत आसपासच्या गावांतले शेतकरी आणि बायकाही. राजाकडून कुमक आली नाही. दोबोनं शरण न जाण्याची शपथ सगळ्यांना घातली. बोर्नेमिस्सा गेर्गेय हा दारूकामात वाकबगार. त्यानं पिंपांत आणि चाकांत दारू, गंधक, लोखंडाचे तुकडे ठासून ती तटावरून शत्रूवर गडगडत सोडली. किल्ल्याच्या पोटात भुयारं आहेत, तिथे गाइडबरोबरच जावं लागतं. थंडगार, ओल आलेली. तुर्क सुरुंग खणत आहेत का हे ओळखायला जमिनीवर ढोल ठेवून त्यावर वाटाणे पसरत, असं तिनं सांगितलं. खाली कुदळ पडली की वर वाटाणे नाचत. ऑक्टोबरच्या मध्यावर, थंडी-पाऊस लागल्यावर, वेढा उठला.

हा विजय. हंगेरियन मुलांना तो तोंडपाठ असतो. पण गाइड तिथे थांबली नाही. १५९६ मध्ये सुलतान मेहमद तिसरा जातीनं आला. तेव्हा आत बहुतांशी भाडोत्री परदेशी शिपाई होते आणि किल्ला काही आठवड्यांत गेला. मग ९१ वर्षं तुर्कांकडे. तेवढ्या काळाची खूण म्हणून गावात ४० मीटर उंचीचा मिनार उभा आहे. मशीद केव्हाच गेली. आतला जिना इतका अरुंद, की खांदे दोन्हीकडे घासतात. मी वर गेले, ताई खाली कॉफी पीत राहिली.

शुक्रवार, होर्तोबाद्य आणि देब्रेत्सेन

फ्युझेशाबोनीला गाडी बदलली की एक छोटी गाडी तिसा ओलांडून होर्तोबाद्यच्या गवताळ माळात शिरते. इथे दृष्टीला काही म्हणजे काही अडत नाही. खारवट जमीन, पिवळं गवत, मध्येच विहीर. एका उंच खांबावर आडवं लांबलचक लाकूड, एका टोकाला ओझं, दुसऱ्या टोकाला बादली. गावात नऊ कमानींचा दगडी पूल आहे, १८३३ मध्ये पुरा झालेला. लांब शिंगांची राखाडी गुरं आणि पिळदार शिंगांची राक्का मेंढरं चरताना दिसली. ही गुरं पंधराव्या-सोळाव्या शतकात कळपांनी हाकत जर्मनी आणि व्हेनिसच्या बाजारापर्यंत नेत. गुयाश ही जगभर गेलेली रस्साभाजी या गुराख्यांची.

घोडेवाल्यांना चिकोश म्हणतात. अंगात निळा घोळदार पोशाख, डोक्यावर काळी टोपी. खोगिराला पोटाखालून बांधायचा पट्टाच नाही. नुसतं पाठीवर टाकलेलं. त्यावर तोल सांभाळत हे लोक घोडा चौखूर उधळतात. एकानं इशारा करताच घोडा जमिनीवर आडवा झाला. सपाट माळावर लपायला जागा नसते, म्हणून घोड्यालाच निजायला शिकवलं. पर्यटकांसाठीचा खेळ असला, तरी आर्पादच्या माणसांचं काहीतरी इथे अजून हाडामांसाचं आहे असं मला वाटलं. याच माळावर १९५० ते १९५३ मध्ये सीमाभागातून हुसकलेली शेतकरी कुटुंबं सक्तमजुरीच्या छावण्यांत ठेवली होती, हेही सांगायला हवं.

संध्याकाळी देब्रेत्सेन. कॅल्व्हिनपंथी प्रोटेस्टंटांचं पिवळं मोठं चर्च, आतून पांढरंशुभ्र, मूर्ती नाहीत, चित्रं नाहीत. १४ एप्रिल १८४९ ला १८४८ च्या उठावाचा नेता कोशुत लायोश यानं इथे हाब्सबुर्गांना पदच्युत केल्याची आणि हंगेरी स्वतंत्र झाल्याची घोषणा केली. चार महिन्यांत, १३ ऑगस्टला, सेनापती गर्गेईनं विलागोशला झारच्या फौजेपुढे शस्त्रं ठेवली. ६ ऑक्टोबरला अरादमध्ये तेरा सेनापतींना देहदंड झाला. त्यांत जर्मन, सर्ब, आर्मेनियन वंशाचेही होते. हंगेरियन असणं हे रक्तावर नाही, उभं कुठे राहिलात यावर ठरतं, हे त्या तेरा जणांच्या यादीतून जितकं कळतं तितकं कुठल्याही भाषणातून कळणार नाही.

पुन्हा शनिवार, बुडापेस्ट

संसदेची इमारत २६८ मीटर लांब, घुमट ९६ मीटर. आकडा मुद्दाम ९६, कारण मॉद्यरांच्या आगमनाची सहस्राब्दी १८९६ मध्ये साजरी झाली. घुमटाखाली पहाऱ्यात राजमुकुट, वरचा क्रूस वाकडा. इश्तवानचा मुकुट म्हणतात, पण खालचा भाग बायझंटाइन कारागिरांचा, १०७० च्या दशकातला. तेव्हा इश्तवान जाऊन पस्तीसेक वर्षं झाली होती. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी मुकुट पश्चिमेला गेला, अमेरिकेच्या ताब्यात राहिला आणि जानेवारी १९७८ मध्ये परत आला.

संसदेसमोर २०२० मध्ये झालेलं नवं स्मारक आहे. जमिनीत उतरत जाणारा शंभर मीटरांचा रस्ता, दोन्ही बाजूंच्या दगडी भिंतींवर बारा हजारांहून अधिक गावांची नावं, १९१३ च्या हंगेरीतली. पहिल्या महायुद्धात हरल्यावर झालेल्या ४ जून १९२० च्या त्रियानोच्या तहात हंगेरीचा जवळजवळ दोन तृतीयांश मुलूख गेला. हंगेरियन भाषकांतला सुमारे तिसरा हिस्सा सीमेपलीकडे राहिला. त्या मुलखात रोमानियन, स्लोव्हाक, सर्ब लाखोंनी होते आणि त्यांना आपलं राज्य हवं होतं, हे खरंच. तरी जुन्या राजांचे अभिषेक जिथे होत ते पोझोन्य आज ब्रातिस्लाव्हा म्हणून दुसऱ्या देशाची राजधानी आहे. ही जखम मला समजते.

चार पावलांवर शेतकी मंत्रालय. त्याच्या कमानींच्या भिंतीत धातूचे गोळे बसवलेत. २५ ऑक्टोबर १९५६ ला या चौकात निःशस्त्र जमावावर गोळीबार झाला, त्या गोळ्यांच्या खुणा. हात फिरवला तर गार लागतात.

मग नदीकाठ. लोखंडी बूट, साठ जोड, काठाला लावून. बायकांचे टाचांचे, कामगारांचे, एक अगदी लहान मुलाचे. १९४४-४५ च्या हिवाळ्यात अ‍ॅरो क्रॉस या हंगेरियन नाझी पक्षाच्या गुंडांनी ज्यूंना इथे उभं करून गोळ्या घातल्या. प्रेतं नदीनं नेली. बुटात कुणीतरी ताजी फुलं ठेवली होती.

आणि तिथून दहा मिनिटांवर सबादशाग चौकात मी अस्वस्थ झाले. २०१४ मध्ये सरकारनं इथे जर्मन आक्रमणातल्या बळींचं स्मारक उभारलं. देवदूत गाब्रिएल म्हणजे हंगेरी, त्याच्यावर झेप घेणारा गरुड म्हणजे जर्मनी. मार्च १९४४ मध्ये जर्मन फौजा आल्या हे खरं. पण १५ मे ते ९ जुलै १९४४ या आठ आठवड्यांत सुमारे ४,३७,००० ज्यूंना रेल्वेच्या डब्यांत कोंबून पाठवलं, बहुतेकांना ऑशविट्झला, ते हंगेरियन अधिकाऱ्यांनी आणि हंगेरियन जांडार्मांनी, म्हणजे खेड्यापाड्यांतल्या सशस्त्र पोलिसांनी. हा देवदूत इतका निष्पाप नव्हता. स्मारकापुढे बळींच्या घरच्यांनी आणि इतर नागरिकांनी आपलं स्मारक मांडलंय: फोटो, पत्रं, जुन्या सुटकेसी, चष्मे, दगड, प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवलेली निवेदनं. मोहाचला १५१४ पासून सांगणारा देश इथे १९४४ पासून सांगतो, त्याआधीची ज्यूविरोधी कायद्यांची सहा वर्षं गाळून. पहिला कायदा १९३८ चा. ते गाळलेलं पुरं करायचं काम या चौकात फोटो आणि सुटकेसी करतायत.

रविवार, बुडापेस्ट

नॉद्य इम्रे १९५६ च्या उठावातले पंतप्रधान. स्वतः जुने कम्युनिस्ट. २३ ऑक्टोबरला विद्यार्थ्यांच्या मोर्चानं पेटलेल्या आगीत ते लोकांबरोबर गेले, बहुपक्षीय सरकार नेमलं, सोव्हिएत गटाच्या लष्करी वॉर्सा करारातून बाहेर पडल्याचं जाहीर केलं. ४ नोव्हेंबरला सोव्हिएत रणगाडे शहरात शिरले. अडीच हजारांवर हंगेरियन मेले, सुमारे दोन लाख देश सोडून गेले. नॉद्यना गुप्त खटला चालवून १६ जून १९५८ ला फाशी दिली आणि पालथं पुरलं. १६ जून १९८९ ला त्यांचं आणि त्यांच्या साथीदारांचं सन्मानानं पुनर्दफन झालं. वीरांच्या चौकात सहा शवपेट्या ठेवल्या होत्या. सहावी रिकामी, अनाम मृतांची.

संसदेजवळ एका छोट्या पुलावर त्यांचा पुतळा होता, संसदेकडे पाहत उभा. डिसेंबर २०१८ मध्ये तो हलवला. आता तो यासई मारी चौकात आहे. सकाळी आम्ही तिथे गेलो. मग लांबचा प्रवास करून राकोशकेरेस्तूरच्या स्मशानभूमीत, ३०१ क्रमांकाच्या तुकड्यात. इथेही कोरीव लाकडी खांब, शेकड्यांनी. एकवीस-बावीस वर्षांच्या पोरांची नावं. पुतळा दूर नेणं मला पटलेलं नाही. पण शाळेची मुलं इथे येतात, हेही पाहिलं.

विमानाला वेळ होता तेव्हा ताईनं नकाशा उघडला. "तुझे ते तेरा सेनापती, आणि लडाखचा तो मनुष्य, यांची गावं दिसत नाहीत यात." दिसणार नाहीतच. अराद रोमानियात आहे, आणि चोमाचं कोरोश गाव आज किउरुश या नावानं कोवास्ना जिल्ह्यात. पुढच्या खेपेला बुखारेस्टचं तिकीट काढायचं, असं तिनंच ठरवून टाकलंय.